दुसऱ्या पारड्यातलं गाव

बंगळुरूच्या डॉक्टरबाईंच्या पथकानं वाघदऱ्याच्या लोकांना फसवलं, आणि फसवताना जामीन म्हणून मला उभं केलं. गावांची आणि तिथल्या माणसांची नावं मी इथं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

मी मूळचा कळवणचा. सायकलच्या कॅरिअरला गोणी बांधून सुरगाण्याच्या पाड्यांवर नागली, वरई, खुरासणी गोळा करत फिरलो. आज नाशिकला माझं धान्याचं दुकान आहे, दारात दोन गाड्या आहेत, आणि हे सगळं मला कुणी आयतं दिलेलं नाही. भाव करताना मी सासऱ्यालाही सोडत नाही. माझा राग माझ्या आधी दुकानात पोचतो, असं माझी बायको म्हणते. पण त्या डोंगरातल्या पंचवीस-तीस गावांत माझा तराजू कुणी तपासत नाही. ही माझी खरी कमाई, आणि गेल्या हिवाळ्यातल्या चार दिवसांच्या प्रवासात तिलाच धक्का लागला. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी मागची गोष्ट सांगतो, नाहीतर पुढची कळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टर रेवती माझ्या दुकानात आल्या. या बाई मानसोपचाराच्या मोठ्या संशोधक. जन्म बेळगावचा, त्यामुळे मराठी चांगलं, फक्त शेवटी 'की' लागणारं. मन खचलेल्या माणसाला गोळीशिवाय, ठरावीक पद्धतीच्या बोलण्यानं बरं करता येतं का, आणि ते बोलणं शहरातल्या डॉक्टरऐवजी गावातल्याच एखाद्या शिकवलेल्या बाईला जमेल का, हे त्यांना डोंगरातल्या बारा गावांत तपासायचं होतं. सहा गावांत लगेच सुरू करायचं. उरलेल्या सहा गावांत तेव्हा काहीच करायचं नाही, फक्त माणसांची स्थिती नोंदवायची. अभ्यास संपला की त्यांचाही नंबर लावायचा. कुठली गावं आधी आणि कुठली नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं, म्हणजे कुणी आपल्या मर्जीनं निवडलं असं होऊ नये.

गावं ऐकेनात. मग बाई माझ्याकडे आल्या. तुमचा शब्द तिथं चालतो की, म्हणाल्या. मला त्यांची पद्धत पटली होती. मी सगळ्यांना एका ठिकाणी बोलावलं आणि माझ्या भाषेत सांगितलं की वजन करायचं तर दुसऱ्या पारड्यात काहीतरी ठेवावं लागतं. ज्यांची चिठ्ठी नंतरची निघेल, ते दुसरं पारडं. आणि एक अट होती, तीही मीच सांगितली. आधीच्या गावातली शिकवलेली बाई नंतरच्या गावातल्या कुणाशी मनाच्या दुखण्याविषयी बोलणार नाही, आणि त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. नाहीतर कशानं गुण आला ते कळणार नाही. "वजन होईपर्यंत पारड्याला कुणी बोट लावायचं नाही," असं मी म्हणालो. सगळे हसले, माना डोलवल्या. दुकानातली धान्य मापायची पितळी पायली मी घेऊन गेलो होतो. तिच्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्याच हातानं एकेक काढली. करंजपाडा आधी निघालं. वाघदरा नंतर निघालं.

अभ्यास झाला, यशस्वी झाला, इंग्रजीत छापून आला. मला त्याची एक प्रत मिळाली. पहिल्या पानावर अभ्यास करणाऱ्यांची अकरा नावं होती.

नाशिक ते सुरगाणा

डिसेंबरात रेवतीबाईंचा फोन आला. इंग्लंडचे त्यांचे गुरू येत होते आणि त्यांना ही गावं डोळ्यांनी बघायची होती. जगात या विषयातली जी चार-पाच मोठी माणसं आहेत त्यांतले ते एक, असं बाईंनी सांगितलं. मी गाडी स्वतः चालवायचं ठरवलं. मोठी माणसं जवळून बघितली की माल ओळखायला मदत होते.

मोठे सर पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, पाठीत किंचित वाकलेले. मला वाटलं होतं सूटबूट असेल, तर अंगावर एक जुना स्वेटर, त्याचं कोपर शिवलेलं. सकाळी त्यांना मिसळ खायला नेलं. बाई सांगत होत्या तर्री कमी घ्या, पण सरांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघितलं आणि त्याच्याएवढीच घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, पण बशी संपवली. मला हा माणूस तिथंच आवडला.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. पिकअपमधून माणसं उतरत होती, डोक्यावर घमेली, कडेवर पोरं. ही बरीचशी सुरगाणा-पेठकडचीच, भाताची कापणी झाली की बागांवर येणारी. सरांनी विचारलं, ही माणसं घरापासून किती महिने लांब असतात. मी सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वणीच्या पुढे उजव्या हाताला सप्तशृंगीचा डोंगर दिसायला लागला, तेव्हा मी स्टिअरिंगवरून एक हात काढून नमस्कार केला. सरांनीही केला, दोन्ही हातांनी.

गाडीत त्यांचं बोलणं बाई मला मराठीत सांगत होत्या. सर तरुणपणी एका उपचारावर फार विश्वास ठेवून होते. लोक बरे व्हायचे, आभार मानायचे. मग त्यांनी स्वतःच त्या उपचाराची नीट तपासणी केली, दुसऱ्या पारड्यासकट. तेव्हा कळलं, त्या उपचाराशिवाय नुसत्या भेटीगाठींनीही माणसं तेवढीच बरी होत होती. त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. बरोबरचे लोक वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. स्वतःचा माल स्वतः तराजूत टाकणारा आणि कमी भरला तर तसं ओरडून सांगणारा माणूस माझ्या उभ्या धंद्यात मी पाहिलेला नाही. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होतो, ते मात्र खिडकीतून माकडं बघत होते.

बोरगावच्या घाटात रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बायका असतात. सरांना हवी होती. मी सवयीनं भाव पाडायला सुरुवात केली. समोरची म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि शेवटी म्हणाली, "शेठ, मी एकच सांगते. घ्यायची तर घे, नाय तर नुसती खाऊन जा." सर खो खो हसले, बाईंनी भाषांतर करायच्या आधीच. मला मुकाट्यानं घ्यावी लागली.

पण हा प्रसंग मी पुढच्या गोष्टीसाठी मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे कळवणला, चांदवडला, बाजारात उच्चारलेला शब्द म्हणजे घासाघिशीची सुरुवात असते. समोरचा तो फिरवणार, आपणही फिरवणार, हे दोघांनाही माहीत असतं. डोंगरात शब्द म्हणजे घासाघिशीचा शेवट. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे. बाईंना मी ते सांगायला हवं होतं.

करंजपाडा

सुरगाण्याच्या विश्रामगृहात रात्री एका कुत्र्यानं सरांचा एक बूट पळवला. सकाळी आम्ही तिघांनी कुंपणापर्यंत शोधला. सापडली फक्त नाडी. सरांच्या मापाचा बूट त्या बाजारात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मी माझ्या गाडीतल्या जादा चपला दिल्या. टाचा मागे दोन बोटं बाहेर येत होत्या. पुढचे तीन दिवस हा जगातला मोठा माणूस माझ्या कोल्हापुरीत फिरला आणि एकदाही कुरकुरला नाही.

करंजपाड्याला हौसाबाईंकडे गेलो. वय पन्नास, सातवी शिकलेल्या, रेवतीबाईंच्या पथकानं त्यांना दीड महिना शिकवून या कामाला तयार केलं होतं. त्यांच्याकडे कोरा चहा झाला, गवती चहा घालून. मग नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची चटणी. सरांनी चटणी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा हौसाबाईंनी मला विचारलं, "यांच्या घरी जेवायला घालत नाय का?"

गावातल्या दोन बाया आल्या, एक म्हातारा आला. म्हातारा दोन वर्षं घरातून बाहेर पडत नव्हता, आता शेळ्या नेतो. एका बाईनं सांगितलं की ती चुलीपुढं बसायची आणि चूल पेटवायचं सुचायचं नाही. सरांनी हौसाबाईंना विचारलं, तुम्ही तिला काय सांगितलंत. हौसाबाई म्हणाल्या, "तिला वाटं, आधी मन बरं होईल, मग काम करीन. मी म्हटलं, तसं नाय. आधी हंडा उचल. एकच उचल. मन मागून येतं, वासरासारखं."

बाईंनी इंग्रजीत सांगितलं. सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले की हेच सांगायला त्यांनी एकदा चारशे पानं खर्च केली होती.

अजून एक गोष्ट तिथं बघितली. हौसाबाई माणसाच्या समोर बसत नाहीत. शेजारी बसतात, दोघींच्या मध्ये नागली पाखडायचं सूप, दोघी खडे निवडतात. सरांनी याचं कारण विचारलं. त्यांना शिकवलं होतं समोर बसायला, म्हणाल्या. पण समोर बसलं की बाई पदर तोंडात धरते. शेजारी बसलं की हात चालतात आणि हातांबरोबर तोंडही. सरांनी सुपाचं चित्र काढून घेतलं. रेवतीबाई जरा ओशाळल्या, कारण छापलेल्या निबंधात सूप कुठंच नव्हतं.

मी हे सगळं मोकळ्या मनानं लिहितोय, कारण ते खरं आहे. इलाज खरा होता. खोटा असता तर वाघदऱ्याचं काही गेलं नसतं.

वाघदरा

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गावाला जायचं होतं. तेही आधीच्या चिठ्ठीतलं. ओळख करून द्यायला हौसाबाई गाडीत बसल्या. अर्ध्या रस्त्यात मोरीचं काम निघालेलं, जेसीबी आडवा. दुसरा रस्ता वाघदऱ्यावरून जातो. बाई म्हणाल्या, तिथं आपला कार्यक्रम नाही की. मी म्हणालो, कार्यक्रम नसला तरी रस्ता आहे. मागे हौसाबाई एकदम गप्प झाल्या. मला वाटलं गाडी लागत असेल.

एक गोष्ट कबूल करतो. अभ्यास संपल्यावर दोन हंगाम मी वाघदऱ्याला गेलो होतो. नागली मोजली, भरली, परत आलो. नंबर लागला का, हे विचारलं नाही. लागला असणार असं धरून चाललो.

गावात शिरलो तशी दोन पोरी पळत सुटल्या. गाडी शाळेपाशी वळवेपर्यंत ओट्यावर माणसं जमायला लागली होती. बायका घरात जाऊन लुगडी बदलून येत होत्या. कुणीतरी चटई आणली. रामजीबाबा इथले पोलीस पाटील, सत्तरीचे. ते माझ्याकडे न येता आधी घरात गेले. परत आले तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, धुरानं पिवळी झालेली. आढ्याला खोचून ठेवलेली असणार. पिशवीत मी पायलीतून काढलेली चिठ्ठी होती.

त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "शेठ, आला काय आमचा नंबर?"

मी बाईंकडे बघितलं. बाई चिठ्ठीकडे बघत होत्या.

रामजीबाबांना वाटलं आम्ही काहीतरी तपासतोय. ते घाईनं म्हणाले, "आम्ही बोट लावलं नाय हां, शेठ. एक बाई फुटली नाय. तुमी विचारा कुणाला बी." आणि त्यांनी बायकांकडे हात केला. बायकांनी माना हलवल्या. त्यांच्या तोंडावर अभिमान होता. दिलेला शब्द पाळल्याचा.

आता हे समजून घ्या. अभ्यासाचं मोजमाप संपून दीड वर्ष झालं होतं. त्या दिवसापासून अटीला काहीच अर्थ उरला नव्हता. कुणी कुणाशीही बोललं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. पण हे गावाला येऊन कुणी सांगितलंच नाही. आणि हे गाव शब्द पाळत बसलं. त्यातल्या कितीजणांना रात्री झोप नव्हती, कितीजण चुलीपुढं नुसते बसून होते, ते त्यांचं त्यांना माहीत. शेजारच्या खोऱ्यात इलाज चालत होता, आणि हे तोंड मिटून नंबराची वाट बघत होते. माझ्या शब्दावर.

पुढे बसलेल्या बायकांत एक बाई होती, चाळिशीची, पण साठीची दिसणारी. तिचे हात मांडीवर उताणे पडलेले, जणू कुणीतरी तिथं ठेवून गेलंय. हौसाबाई गाडीतून उतरल्या आणि सरळ तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळलं, ती त्यांची सख्खी धाकटी बहीण, यमुना. हे गाव तिचं सासर. तीन पावसाळ्यांपूर्वी, चिठ्ठ्या निघाल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत, तिची बारा वर्षांची मुलगी साप चावून गेली होती.

हौसाबाई म्हणाल्या, "यमे, तू अजून नंबर धरून बसलीस?"

यमुना म्हणाली, "तूच सांगितलंस ना बाय. बोलायचं नाय."

"सांगितलं. मला बी तसंच सांगितलं होतं."

"मग."

हौसाबाई खाली वाकल्या. त्या म्हणाल्या, "आई गेली तव्हा आपण दोघी एका घोंगडीवर निजलो. रातभर. तव्हा तरी बोलायचं होतंस."

यमुना म्हणाली, "बोट लागलं असतं."

मागे एका म्हाताऱ्याला खोकला आला, त्यानं तो दाबला.

सरांनी बाईंच्या दंडाला हात लावून विचारलं काय झालं. बाईंनी इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी फार येत नाही, पण त्या मध्येच दोनदा थांबल्या, तेवढं कळलं. सर खाली बसले. चटईवर नाही, ओट्याच्या पायरीवर, माझ्या चपला काढून शेजारी ठेवून. त्यांनी बाईंना एकच प्रश्न विचारला, तो मी नंतर बाईंकडून समजून घेतला. तो असा होता: यांना येऊन सांगायचं काम आपल्यापैकी कुणाचं होतं?



हौसाबाई वळल्या. "मोठ्या बाई," त्या रेवतीबाईंना म्हणाल्या, "आता बोलू काय आम्ही?"

बाई दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "बोला की. बोला." आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

हौसाबाईंनी कुणाच्या तरी घरातून सूप मागून आणलं. दोघी बहिणी शाळेच्या बाजूच्या चिंचेखाली जाऊन शेजारी शेजारी बसल्या. सुपात नागली होती. बराच वेळ यमुनाचे हात हलले नाहीत. मग एका हातानं तिनं एक खडा उचलला आणि बाहेर टाकला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

आम्ही त्या दिवशी पलीकडच्या गावाला गेलो नाही.

परतीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईंना करंजपाड्याला सोडलं आणि निघालो. बोरगावच्या घाटात मी गाडी बाजूला घेतली आणि बाईंना जे बोलायचं ते बोललो. आवाज मोठा होता. समोरच्या टपरीवरचे लोक बघायला लागले. मी म्हणालो की तुमच्या अभ्यासाला पैसे लागले असतील, माणसं लागली असतील, पण 'आता बोला' एवढे दोन शब्द सांगायला काय लागतं? एक पोस्टकार्ड पुरलं असतं. ज्या गावांमुळे तुमचं वजन खरं ठरलं, त्याच गावांना तुम्ही पारड्यात विसरलात. आणि त्या पारड्यात त्यांना माझ्या हातानं बसवलंत.

बाई रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या मला माझ्या रागावर काहीतरी शिकवतील, लांब श्वास घ्या वगैरे. तसंही केलं नाही. त्यांनी सांगितलं की अभ्यासाला मिळालेली पैशांची मदत ठरलेल्या मुदतीपुरती होती. ती संपली, पथक विखुरलं, गावांचं काम बघणारा माणूस दुसरीकडे नोकरीला गेला, त्या स्वतः पुढच्या अभ्यासाला लागल्या. सगळ्यांना वाटलं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. "तुम्ही म्हणता ते खरं आहे हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे याला उत्तर नाही की."

मी म्हणालो की मी पण तेच धरून चाललो होतो, पण माझं नाव त्या पहिल्या पानावर नाही.

मग आमची बोलणी झाली. मी सहाही गावांचा पूर्ण नंबर मागितला, जसा करंजपाड्याला मिळाला तसाच. त्या म्हणाल्या अभ्यासाचा पैसा मंजूर करणाऱ्या वरच्या समितीला विचारावं लागेल. मी म्हणालो अट उठल्याचं तरी आजच सांगा. त्या म्हणाल्या आठवड्यात पत्र काढते. मी गाडी परत वळवली. सरांना विमान होतं, बाई घड्याळ बघत होत्या, पण सरांनी मागून हातानं खूण केली, चला. उरलेल्या पाच गावांतल्या दोन गावांत आम्ही त्याच दिवशी गेलो. दोन्हीकडे बाईंनी स्वतः उभं राहून सांगितलं. बाकीची तीन मी पुढच्या आठवड्यात केली. एका गावात चिठ्ठी फ्रेम करून शाळेत लावली होती.

नाशिकला पोचायला उशीर झाला. सरांचं विमान चुकता चुकता राहिलं. घाईत ते माझ्याच चपला घालून गेले.

आल्यावर

हे लिहितोय तेव्हा पाच महिने झालेत. हौसाबाई दर बाजाराच्या दिवशी चार मैल चालत वाघदऱ्याला जातात, बहिणीसाठी. यमुना आता पाण्याला जाते, असं रामजीबाबांनी सांगितलं. पण त्या गावात यमुना एकटी नाही. बाकीच्या बायका हौसाबाईंना बोलावतात आणि हौसाबाई त्यांच्याजवळ बसायला कचरतात. बहिणीचं ठीक, म्हणतात. पण दुसऱ्या कुणाचं काम करताना आपलं चुकलं तर विचारायला वर कुणी नाही. आधी दर पंधरवड्याला बंगळुरूचा फोन यायचा, अवघड असेल ते त्या विचारायच्या. तो फोन बंद झाला. त्यांची ही भीती बरोबर आहे. नीट तपासलेला इलाज नीट देखरेखीनंच द्यायचा असतो, हे मला त्या चार दिवसांत या मोठ्या माणसांनीच शिकवलं.

म्हणजे मागणी मोठी नाही. सहा गावांत सहा बाया शिकवायच्या आणि वर एक जाणतं माणूस फोनवर ठेवायचं. करंजपाड्याला जे झालं तेवढंच.

मी समितीला दोन पत्रं पाठवली, माझ्या भाच्याकडून इंग्रजीत लिहून घेऊन. पहिल्याचं उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. दुसऱ्याचं आलं नाही. रेवतीबाईंचा फोन येतो. त्या प्रयत्न करताहेत, खोटं बोलत नाहीत, पण त्यांचंही तिथं कुणी ऐकेनासं दिसतं. मार्चमध्ये इंग्लंडहून एक खोकं आलं. आत माझ्या चपला होत्या, पॉलिश केलेल्या, कागदात गुंडाळलेल्या. बरोबर सरांच्या हातची चिठ्ठी होती. समितीला त्यांनी काय लिहिलं ते त्यात होतं आणि शेवटी लिहिलं होतं की दुसऱ्याची वस्तू इतके दिवस ठेवल्याबद्दल माफ करा.

सात समुद्रांपलीकडून चपला परत आल्या. बंगळुरूहून वाघदऱ्याचा नंबर येत नाही.

त्या पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. सरांचा ओट्यावरचा प्रश्न मी त्या अकरा जणांना मराठीत विचारतो: येऊन सांगायचं काम तुमच्यापैकी कुणाचं होतं, आणि राहिलेलं काम आता कोण करणार? मला कागद पाठवू नका. माझ्या दुकानातही येऊ नका. वाघदऱ्याला शाळेच्या ओट्यावर या, रामजीबाबा आढ्यावरची पिशवी काढून आणतील, आणि त्या चिठ्ठीकडे बघून उत्तर द्या. गाडी माझी. मी स्वतः चालवीन.